चुकीच्या बेंचवरचं भाषण

खामगावच्या एका कॉन्व्हेंट शाळेत मी गेली बावीस वर्षं मराठी शिकवतो. शाळा सिस्टर लोकांची, पोरं सगळ्या जातीधर्मांची आणि मी पिंपळगाव राजाचा, शेतकऱ्याच्या घरातला. रोज सकाळी मैदानावर त्यांची प्रार्थना म्हणून म्हणून माझी अशी गत झाली आहे की एकदा घरी गणपतीची आरती संपल्यावर मी डोळे मिटून, मोठ्या भक्तिभावाने 'आमेन' म्हणालो. बायकोने आरतीचं ताट तसंच हातात धरून पाहुण्यांना सांगितलं, "त्यांच्या शाळेत असंच असते, तुम्ही प्रसाद घ्या." हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे येईल त्यात मी कुठे शहाण्यासारखा वागलो असेन अशी आशा तुम्ही धरणार नाही.

हजेरीपटाची आमच्याकडे एक जुनी रीत. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला नवं पान काढायचं. आधी मुलांची नावं लिहायची, निळ्या शाईत. ती संपली की पट्टी धरून एक रेघ मारायची आणि रेघेखाली मुलींची नावं लिहायची, लाल शाईत. मी स्वतः शाळेत होतो तेव्हा माझ्या बहिणी अशाच लाल होत्या. कोणी ठरवलं, कशासाठी ठरवलं, मला माहीत नाही. बावीस वर्षं मी खिशाला दोन पेनं लावून फिरलो आणि त्यात विचार करण्यासारखं काही असेल असं मला एकदाही वाटलं नाही.

त्या वर्षी माझ्याकडे दहावीचा वर्ग होता. रेघेच्या खाली, लाल शाईत, चौतिसाव्या नंबरवर एक नाव होतं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. आणि त्या विद्यार्थ्याला मी 'तो' म्हणणार आहे, कारण पुढे त्यानेच मला तसं सांगितलं. तेव्हा मात्र मला काहीच ठाऊक नव्हतं. घरी, वर्गात, कागदावर, सगळीकडे तो मुलगीच होता. अंगात मुलींचा गणवेश, पिना लावलेली ओढणी, मान खाली. गणितात शाळेत पहिला.

दिवाळीनंतर चौतीस नंबरपुढे खाडे दिसायला लागले. आधी शनिवारचे, मग आठवड्यातून दोन, मग तीन. दहावीला पंच्याहत्तर टक्के हजेरी भरावी लागते, नाहीतर बोर्डाच्या परीक्षेला बसणं मुश्किल. मी चौकोन मोजले. हा पोरगा अगदी काठावर येऊन उभा होता. शाळेतला सगळ्यात हुशार विद्यार्थी, आणि परीक्षेलाच बसणार नाही अशी वेळ.

आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर म्हणाल्या, सर, जरा विचारा, काय अडचण आहे. सिस्टर मूळच्या केरळच्या, पण वीस वर्षं वऱ्हाडात काढल्यामुळे त्यांचं मराठी अर्धं पुस्तकातलं आणि अर्धं भाजीबाजारातलं. 'विचारा' म्हणजे त्या विद्यार्थ्याला विचारा, हे कोणत्याही माणसाला कळलं असतं. मी मोटारसायकल काढली आणि थेट त्याच्या बापाच्या शेतात गेलो.

बाप वांग्याच्या वावरात होता. क्रेट भरून ठेवलेले, खामगावच्या बाजाराची गाडी यायची होती. सर आले म्हणून त्या माणसाने पाइपच्या पाण्यात हात धुतले, मला पालथ्या क्रेटवर बसवलं, चहा सांगितला. मी विचारलं, पोरीची तब्येत कशी आहे.

"तबेतीले काय झालं? सकाळी सातच्या बसनं गेली ना शाळेत."

इथे कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, हो हो, सहज विचारलं, आणि चहा पिऊन उठला असता. मी मोबाइल काढला. हजेरीचा फोटो मी सकाळीच काढून ठेवला होता. पुरावा बरा असतो म्हणून. बापाने मोबाइल उन्हातून सावलीत धरला आणि बराच वेळ पाहिला.

"हे लाल काऊन आहे? नापास झाली का ते?"

मी समजावलं की नापास नाही, मुलींची नावं लाल शाईतच लिहायची पद्धत आहे.

"आनं हे मोकळे डब्बे?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसलोय. पण मोबाइल त्याच्या हातात होता आणि डब्बे तिथे दिसतच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाप पोराला घेऊन सिस्टरच्या ऑफिसात हजर. ओरडला नाही, हेच जड गेलं. सगळं एका सुरात म्हणाला. बसचा पास काढून पोरगी शाळेत येत नसेल तर शाळा कशाला पाहिजे. वांग्याच्या तोड्याला माणूस मिळत नाही, घरी काम पडेल आहे. "याच्यापुढं एक खाडा पडला, सिस्टर, तर नाव काढून टाका. मी चिखलीले मावशीकडं पाठवून देतो." पोरगा खाली फरशीकडे पाहत होता. जाताना त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. रस्त्यात बैल आडवा बसला की आपण जसं त्याच्याकडे पाहतो, तसं होतं ते.

तेव्हापासून तो रोज यायला लागला. यायचा, बसायचा, 'प्रेझेंट' म्हणायचा, पण इतक्या बारीक आवाजात की मला वाटायचं मागच्या बाकावर कोणी उसासा टाकला. गणिताच्या सरांनीही सांगितलं, वही कोरी आहे. हे किती दिवस टिकणार, कोणालाही दिसत होतं. एक खाडा, आणि खेळ संपला.

त्याच सुमारास सिस्टर नागपूरला जाऊन आल्या. शाळा चालवणाऱ्या सिस्टर लोकांची काही बैठक होती. परत आल्यावर एका शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी आम्हा सगळ्या शिक्षकांना बसवलं आणि स्टाफरूमचं दार लावून घेतलं. म्हणाल्या, काही मुलांना मुलंच आवडतात, काही मुलींना मुली. काहींचं शरीर एक सांगतं आणि मन दुसरं. अशी मुलं आपल्या शाळेत आहेत.

खेळाचे सर म्हणाले, सिस्टर, हे मुंबई-पुण्याकडचं, आपल्या वऱ्हाडात असलं काही नाही.

"मागच्या वर्षी तुम्ही म्हणाले होते आपल्या शाळेत डास नाहीत," सिस्टर म्हणाल्या. "मग अर्धा वर्ग डेंग्यूनं पडला."

पुढे त्या म्हणाल्या की कोण आहे ते शोधत फिरू नका. कोणी आपण होऊन सांगितलं तर ऐका, आणि ऐकलेलं तिसऱ्याच्या कानावर घालू नका. मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. 'शोधू नका' याच्याखाली दोन रेघा मारल्या. आणि सोमवारी मधल्या सुट्टीपर्यंत माझा शोध पूर्ण झाला होता.

वर्गात एक मुलगा होता. रांगोळी अशी काढायचा की स्नेहसंमेलनाला अख्खं अंगण त्याच्या ताब्यात. मधल्या सुट्टीत मुलींच्या हातावर मेहंदी काढायचा. बोलताना हात नाजूक हलवायचा. माझ्यासारख्या विद्वानाला याहून जास्त काय लागतं. मी त्याला पाण्याच्या टाकीमागे, निंबाखाली नेलं. त्याच्या हातात अर्धी कचोरी होती. मी म्हणालो, तू खा, मी बोलतो.

आणि मी बोललो. मधली सुट्टी वीस मिनिटांची असते, ती सगळी मी घेतली. निसर्गातली विविधता घेतली. गुलाब घेतला, मोगरा घेतला, एका जागी निवडुंगही आला, तो का आला ते मला आजही सांगता येणार नाही. चष्मा वर सारला, छातीवर हात ठेवला, पँट वर ओढली. शेवटी माझा आवाज खरोखर भरून आला आणि मी म्हणालो, "जग काही म्हणो. तू जसा आहेस तसा माझ्या वर्गात हजर आहेस, मला एवढं पुरे आहे."

पोराने कचोरी संपवली, बोटं चाटली आणि विचारलं, "सर, हे कशाबद्दल चालू आहे?"

मी आडून आडून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, मेहंदी काढतो म्हनून नववीतली एक पोरगी माझ्याशी बोलते तरी," तो म्हणाला. "तेवढंच आहे माझं. तुम्ही तेही बंद करता का?" आणि मग माझी कीव येऊन म्हणाला, "तुम्ही चुकीच्या बेंचवर आले, सर."

घंटा झाली. पाचव्या तासाला मी वर्गात शिरलो तेव्हा माझं भाषण तिथे माझ्याआधीच पोचलं होतं. तो पोरगा नकला करण्यातही हुशार आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. फळ्यासमोर उभा राहून, चष्मा नसताना चष्मा वर सारत, तो निवडुंगापर्यंत आला होता. वर्ग बाकांवर लोळत होता. मी दारात थांबलो आणि पुन्हा शिक्षकखोलीकडे वळून, काहीतरी विसरल्यासारखं करून, पाच मिनिटांनी आलो.

मंगळवारी शाळा सुटल्यावर मी सायकल स्टँडजवळच्या नळावर डबा धूत होतो. चौतीस नंबर येऊन उभा राहिला. ओढणीची पिन काढून हातात धरलेली.

"सर, ते भाषन."

मी म्हणालो की त्या भाषणाबद्दल आता कोणी काही बोलायचं नाही.

"ते माझं होतं, सर."

मला कळलं नाही. मी डबा धूत राहिलो.

"तुम्ही त्याले दिलं ना, ते. ते माझं होतं. चुकून त्याच्याकडं गेलं."

मी नळ बंद केला. मी तेव्हा गप्प राहिलो, याचं श्रेय कोणी मला देऊ नये. माझ्याकडे बोलायला काही उरलंच नव्हतं. सगळी फुलं आदल्या दिवशी संपली होती. त्यामुळे तो बोलला. थांबत थांबत, नळाकडे पाहत. लहानपणापासून त्याला माहीत आहे की तो मुलगा आहे. वावरात भावाचा शर्ट घालून काम केलं तर घरी कोणी काही म्हणत नाही, उलट कपडे वाचतात म्हणून आई खूश. पण शाळेत ओढणी, मुलींची रांग, मुलींचे बाक. आठवीपर्यंत निभावलं. आता शाळेच्या फाटकातून आत यायला पायच उठत नव्हते. मग तो सातच्या बसने यायचा, बसस्टँडवर दप्तरातून भावाचा शर्ट काढून चढवायचा आणि नगरपालिकेच्या वाचनालयात जाऊन दिवसभर गणितं सोडवायचा. तिथे आल्याची वही असते, आपलं नाव आपणच लिहायचं. तिथला म्हातारा शिपाई त्याला 'बाबू' म्हणायचा.

"तुम्ही रेघेखालचा माझा नंबर घेता," तो म्हणाला, "तवा मले वाटते, दुसऱ्याच कोनाची हजेरी घेऊन राह्यले. मंग मी कशाले येऊ?"

बावीस वर्षं मी हजेरी घेतोय. गैरहजर मुलगा 'प्रेझेंट' म्हणतो आहे, असं मला कोणी याआधी सांगितलं नव्हतं.

त्याचं मागणं फार नव्हतं. घरी सांगायचं नाही. वेळ आली की तो स्वतः सांगेल. ओढणीचं काही जमलं तर पाहायचं. आणि ते लाल. "पन सर, गाजावाजा नका करू. होईल का तुमच्याच्यानं?"

"हाव," मी म्हणालो. त्याच्या चेहऱ्यावरचा विश्वास पाहण्यासारखा होता. अजिबात नव्हता.

आता एखाद्याने महिना संपायची वाट पाहिली असती. पंधरा दिवसांनी जानेवारीचं नवं पान येणारच होतं. पण माझ्या अंगात आलं होतं. मी हजेरीपट पिशवीत घालून घरी आणला, जो आणायचा नसतो. रविवारी दुपारी व्हाइटनरच्या दोन बाटल्या घेऊन बसलो आणि डिसेंबरच्या पानावरची सगळी लाल नावं पांढरी करून टाकली. फक्त त्याचंच बदललं तर बोट त्याच्याकडे जाईल, एवढी अक्कल मला होती, म्हणून सगळ्यांचंच. त्यावर निळ्या शाईत लिहायला लागलो. बायकोने येऊन पाहिलं आणि विचारलं की पोरींच्या शाईनं तुमचं काय बिघडवलं. मी म्हणालो, तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, तत्त्व वाळू द्या आधी, मग मिटा.

मी मिटलं.

सोमवारी सकाळी हजेरीपट उघडेना. डिसेंबरची दोन पानं एकमेकांना अशी चिकटली होती की जणू छापखान्यातूनच तशी आली. आणि त्या दोन पानांच्या मध्ये चौतीस नंबरची सलग हजेरी होती. एकही खाडा नसलेले ते दिवस, ज्यांच्यावर त्याचे पंच्याहत्तर टक्के टेकले होते. ती पानं फाटली तर तो आला होता याला कागदावर काही पुरावा नाही. बापाच्या शेतात पुरावा घेऊन जाणारा मी, आणि आता पोराचा पुरावाच खाऊन बसलो होतो.

ऑफिसातल्या मोठ्या बाबूंनी हजेरीपट पाहिला आणि खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले. "सर, हा शासनाचा कागद आहे. तुमच्या निबंधाची वही नाही." पण माणूस कामाचा. त्यांनी चहाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी उकळायला ठेवलं आणि आम्ही दोघं हजेरीपट दोन्ही बाजूंनी धरून वाफेवर उभे राहिलो. ते इंच इंच पान सोडवत होते, मी फुंकर घालत होतो. नेमक्या त्याच वेळी सिस्टर आत आल्या. गंजाकडे पाहिलं, हजेरीपटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"सर, काऊन असं केलं?"

मी म्हणालो, लाल पेन संपलं होतं.

"म्हणून जुनी लाल नावंसुद्धा पुसली?"

खरं सांगावं तर त्या पोराला दिलेला शब्द मोडतो, आणि खोटं मला कधीच नीट जमलं नाही. सिस्टरनी बाबूंना दोन मिनिटं बाहेर पाठवलं. गंजाचं पाणी खदखदत होतं. त्यांनी आधी गॅस बंद केला.

"एका मुलासाठी केलं की सगळ्यांसाठी?"

"सगळ्यांसाठी," मी म्हणालो.

"मग सगळ्यांसाठी नीट करू या." त्यांनी कोणासाठी ते विचारलं नाही. मला वाटतं त्यांना माझ्या आधीपासून माहीत होतं. त्या रोज फाटकाशी उभ्या असतात आणि कोणाचे पाय जड आहेत ते त्यांना दिसतं. त्या म्हणाल्या, "आमच्या धर्माची शिकवण मला पाठ आहे, सर. ती मी बदलू शकत नाही. वरचे लोक मला विचारतील तेव्हा काय उत्तर द्यायचं, तेही मला पाहावं लागेल. पण हा गणवेश प्रभूने ठरवलेला नाही. तो शिंप्याने ठरवला आहे. शिंप्याशी मी बोलते."

त्यांनी बोलून दाखवलं ते केलं, आणि गाजावाजा न करता कसं करायचं असतं ते मला पहिल्यांदा दिसलं. आठवड्याने एक सूचना निघाली. थंडी वाढली आहे, तरी दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांनी यापुढे रोज खेळाचा गणवेश, म्हणजे ट्रॅकपँट आणि बंद गळ्याचं जॅकेट, घालून यावं. दुसरी सूचना शिक्षकांना. जानेवारीपासून सर्व वर्गांची हजेरी आडनावाच्या क्रमाने, एका यादीत, एका शाईत लिहावी. नंबर शोधायला सोपं जातं. एवढंच. थंडी आणि सोय. कोणा पालकाने हरकत घ्यायला जागाच ठेवली नव्हती. शाळेचं जनरल रजिस्टर आणि बोर्डाचे कागद मात्र होते तसेच राहिले. त्याला हात लावणं ना माझ्या हातात होतं, ना सिस्टरच्या, आणि हे त्यांनी त्या पोराला ऑफिसात बोलावून, चहा देऊन, स्पष्ट सांगितलं. पान तर मोठ्या बाबूंनी वाचवलंच होतं. दोन-तीन रोल नंबर वाफेत थोडे पसरले, पण हजेरी वाचता येत होती.

नाताळच्या सुट्टीनंतर जानेवारीत मी नवं पान काढलं. रेघ मारली नाही. चौतीसचा अकरा झाला. बाकही नंबराप्रमाणे बदलले आणि अकराच्या शेजारी बारा आला, तो आमचा रांगोळीवाला. मी "अकरा" म्हणालो.

"प्रेझेंट, सर."

मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं. दोन-चार पोरांनी मान वळवून पाहिलं. मी पेन खाली पडल्याचं निमित्त करून टेबलाखाली वाकलो, आणि उठताना डोकं कडेला आपटलं. ते सगळ्यांना जास्त आवडलं.

जानेवारीच्या शेवटी पालकसभा होती. बाप आला. येताना अर्धं क्रेट वांगी आणली, सिस्टरच्या स्वयंपाकघरासाठी. रांगेत उभा राहून माझ्या टेबलाशी पोचला, समोरच्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, मोबाइल नको, ते पुस्तकच दाखवा.

मी हजेरीपट त्याच्यासमोर फिरवला. त्याने पान वरून खाली पाहिलं, मग खालून वर.

"कुठं आहे नाव?"

मी अकरावर बोट ठेवलं. वर एक मुलगी, खाली एक मुलगा.

"लाल गेलं वाटते."

माझ्या घशात एक अख्खं भाषण उभं राहिलं. गुलाब, मोगरा, सगळे रांगेत. समोर बाप आहे, वेळ आहे, ऐकतो आहे. आत्ता नाही तर कधी. बापाच्या मागे, दाराशी, तो उभा होता. त्याने फक्त मान हलवली, अगदी एवढीशी, उजवीकडून डावीकडे. मी तोंड उघडलं होतं ते मिटलं. बायको म्हणते, लग्नापासून आजवर तुम्ही असं केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

"गेलं," मी म्हणालो.

"सगळ्याइचंच?"

"सगळ्यांचंच."

बापाने अकरा नंबरच्या चौकोनांवरून बोट फिरवलं. सावकाश, एकेक, महिन्याच्या शेवटापर्यंत. वांग्याच्या देठांनी काळं पडलेलं बोट. मागे पालकांची रांग खोळंबली होती.

"खाडा नाही एकबी."

"एकही नाही."

"बस मंग." तो उठला. निघता निघता थांबून हजेरीपटाकडे पाहत म्हणाला, "ते लाल मले तवाच बरं नव्हतं दिसलं."

त्याला काय कळलं होतं, किती कळलं होतं, की लाल म्हणजे नापास एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं होतं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. दाराशी जाऊन त्याने रिकामं क्रेट उचललं आणि पोराला म्हणाला, "चाल बे, गाडी निंगून जाईल." आमच्याकडे पोरीला 'वं' म्हणतात, 'बे' पोराला. तो घरी नेहमीच असं म्हणायचा, की त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाला, तेही मला माहीत नाही. पोराने बापाच्या हातातलं क्रेट घेतलं, खांद्यावर टाकलं आणि इतका झपझप पुढे निघाला की बापालाच मागे चालावं लागलं.

निरोप समारंभाला आमच्याकडे हॉल तिकीट द्यायची पद्धत आहे. आधी प्रार्थना, मग नववीची मुलं दहावीच्या हातात पेटलेली मेणबत्ती देतात आणि सिस्टर एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून हॉल तिकीट देतात. दरवर्षी मुलींना साडी असते. त्या वर्षीच्या सूचनेत सिस्टरनी 'स्वच्छ कपडे' एवढंच लिहिलं होतं. तो भावाचा पांढरा शर्ट घालून आला. इस्त्री कडक, बाह्या थोड्या लांब. हजेरी शहात्तर टक्के भरली होती. हॉल तिकिटावर जुनंच सगळं छापलेलं होतं; ते टोचतं, असं त्याने मला सकाळीच सांगितलं होतं. मी काही तोडगा सुचवणार होतो, पण तो घाईने म्हणाला, "राहू द्या सर, तुम्ही नका करू काही."

जेवणं चालू झाल्यावर मी हात धुवायला टाकीकडे गेलो. निंबाखालून माझाच आवाज येत होता. टाकीच्या आडून पाहिलं. रांगोळीवाला पोरगा उभा होता, चष्मा नसताना चष्मा वर सारत, पँट वर ओढत. त्याच्यासमोर दगडावर एकटा अकरा नंबर बसला होता. त्याने आपल्या मित्राला कधी सांगितलं, काय सांगितलं, तो त्यांचा मामला. भाषण त्याला पाहिजे होतं, पूर्ण, आणि ज्याला ते मिळालं होतं तो ते परत करत होता. गुलाब आला, मोगरा आला. निवडुंगाला दोघंही पोट धरून हसले. मी इतका वाईट बोलतो हे मला तेव्हा नीट कळलं.

मग रांगोळीवाल्याने छातीवर हात ठेवला, माझ्यासारखा आवाज भरून आणला आणि म्हणाला, "तू जसा आहेस तसा माझ्या वर्गात हजर आहेस."

दगडावरचा पोरगा हसायचा थांबला. मान वर करून म्हणाला, "प्रेझेंट, सर."

सवयीने माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला. एकच पेन होतं, निळं.